विश्लेषण : दोनदा पाय, एक टाळी… क्वीनचा ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ पुन्हा का ऐकावा?

दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची. क्रीडांगणात हा ठेका सुरू झाला की भाषा, देश, वय असे काही आड येत नाही. ‘वी विल रॉक यू’ हे गाणे ज्यांनी पूर्ण ऐकलेले नाही त्यांनाही हा ठेका ठाऊक असतो. तो ज्या अल्बममधून आला, तो ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ मात्र तितकासा ऐकला जात नाही. ब्रिटिश बँड क्वीनच्या या १९७७ मधील अल्बमची ४० वर्षांनिमित्तची विशेष आवृत्ती २०१७ मध्ये निघाली. जुनेच गाणे नव्या खोक्यात घालून विकण्याचा हा प्रकार आहे, की त्यातून काही नवे हाती लागते?

अरिना रॉक म्हणजे काय?

सत्तरच्या दशकात रॉक संगीत क्लब आणि नाट्यगृहांतून बाहेर पडून मोठ्या बंदिस्त क्रीडागृहांत गेले. हजारो माणसे, दूरवरचा मंच, घुमणारा आवाज. अशा ठिकाणी बारीक कलाकुसर ऐकू येत नाही. त्यामुळे मोठा ठेका, सोपे ध्रुवपद आणि सोबत गाता येईल अशी चाल यांना महत्त्व आले. या शैलीला पुढे अरिना रॉक म्हटले जाऊ लागले. क्वीनची ख्याती तोवर नेमकी उलट होती. ‘बोहेमियन रॅप्सडी’सारख्या गाण्यात त्यांनी आवाजांचे थरावर थर चढवले होते. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये पंक संगीताची लाट आली आणि असा थाटमाट जुनाट वाटू लागला. क्वीन लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत हा अल्बम करत असताना पंकचा सर्वात गाजलेला बँड सेक्स पिस्टल्सही तिथेच ध्वनिमुद्रण करत होता. दोन्ही अल्बम ऑक्टोबर १९७७ मध्येच बाजारात आले.

गाणे सुचले कसे?

मे १९७७ मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये क्वीनचा कार्यक्रम झाला. तो संपल्यावर प्रेक्षक उठून गेले नाहीत. त्यांनी फुटबॉलच्या मैदानात गायले जाणारे ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ एकसुरात सुरू केले. गिटारवादक ब्रायन मे यांनी नंतर अनेक मुलाखतींत हा प्रसंग सांगितला आहे. दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना काय करता येईल, असा प्रश्न त्यांना पडला. पाय आपटता येतील, टाळ्या वाजवता येतील, गाता येईल. त्यातून मे यांनी ‘वी विल रॉक यू’ लिहिले. गायक फ्रेडी मर्क्युरीने लिहिलेल्या ‘वी आर द चॅम्पियन्स’मागेही फुटबॉलच्या मैदानातला जमाव होता. अल्बमची सुरुवात याच दोन गाण्यांनी, एकामागोमाग एक होते.

टाळ्यांचा ठेका कसा तयार झाला?

अनेकांना वाटते की तो ढोल आहे. प्रत्यक्षात या गाण्यात ड्रम नाही, बास गिटारही नाही. मे यांची गिटारसुद्धा शेवटी येते. वेसेक्स स्टुडिओ जुन्या चर्चच्या वास्तूत होता. तिथल्या लाकडी फळ्यांवर मोजक्या माणसांनी पाय आपटले आणि टाळ्या वाजवल्या. ते पुन:पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवले.

पण मोजकी माणसे हजारोंसारखी कशी वाटणार? इथे मे यांचे शिक्षण कामी आले. ते मूळचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. अर्धवट राहिलेली खगोलभौतिकीतील पीएचडी त्यांनी २००७ मध्ये पूर्ण केली. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटरवरच्या माणसाची टाळी एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येते. मे यांनी प्रत्येक आवाजाच्या अशा उशिरा येणाऱ्या प्रती जोडल्या. त्यांमधली अंतरे मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली. अंतरे एकमेकांच्या पटीत असती, तर त्याचा सरळ प्रतिध्वनी झाला असता. मूळ संख्यांमुळे या प्रती एकमेकींत मिसळत नाहीत आणि आपल्याभोवती वेगवेगळ्या अंतरांवर माणसे उभी असल्याचा भास होतो. प्रेक्षक येण्याआधीच गर्दी टेपवर तयार होती.

विशेष आवृत्तीत काय आहे?

नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या या पेटीत तीन सीडी, एक एलपी, एक डीव्हीडी आणि पुस्तिका आहे. पहिल्या सीडीवर मूळ अल्बम आहे. एलपी मूळ टेपवरून ॲनालॉग पद्धतीने तयार केली आहे. डीव्हीडीत बँडच्या १९७७ च्या अमेरिका दौऱ्यावरचा माहितीपट आहे. तिसऱ्या सीडीवर बीबीसीसाठी वाजवलेली गाणी आहेत. त्यात ‘वी विल रॉक यू’चे ड्रम आणि गिटारसह धावणारे जलद रूपही सापडते.

खरा ऐवज दुसऱ्या सीडीवर, ‘रॉ सेशन्स’मध्ये आहे. अल्बममधील ११ही गाण्यांची वेगळी रूपे इथे क्रमाने आहेत. निवडताना बाजूला ठेवलेले आवाज, गिटारचे वेगळे तुकडे, कच्चे मिश्रण. ‘ऑल डेड, ऑल डेड’ हे गाणे मूळ अल्बमवर मे यांच्या आवाजात आहे. इथे ते मर्क्युरीच्या आवाजात ऐकू येते. मे यांना हे गाणे सुचण्यामागे लहानपणी गमावलेली मांजर होती. दोन्ही रूपे लागोपाठ ऐकली की मर्क्युरीसारखा गायक हाताशी असूनही मे यांचा हळवा, साधा आवाज का ठेवला गेला असेल, याचा अंदाज येतो.

रीमास्टर आणि रीमिक्स यांत फरक काय?

रीमास्टर म्हणजे तयार मिश्रण तसेच ठेवून त्याचा एकूण आवाज आजच्या साधनांनी उजळणे. क्वीनचे अल्बम २०११ मध्ये असे रीमास्टर झाले. रीमिक्समध्ये गायन, ड्रम, गिटार यांचे वेगवेगळे माग पुन्हा उघडून मिश्रण नव्याने केले जाते. क्वीनचा १९७३ चा पहिला अल्बम २०२४ मध्ये ‘क्वीन वन’ या नावाने असाच पुन्हा घडवला गेला; त्यातील ड्रमचा आवाज बँडला तेव्हापासून खटकत होता. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’च्या पेटीने तिसरी वाट धरली. मूळ अल्बमला हात न लावता त्याच्या शेजारी कच्चा माल ठेवला. श्रोत्याच्या दृष्टीने हे अधिक प्रामाणिक आहे.

टीका काय झाली?

क्वीनच्या ‘जॅझ’ या पुढच्या अल्बमचे परीक्षण करताना ‘रोलिंग स्टोन’चे समीक्षक डेव्ह मार्श यांनी १९७९ मध्ये ‘वी विल रॉक यू’ला सैनिकी हुकूम ठरवले आणि क्वीनला फॅसिस्ट म्हणण्यापर्यंत मजल मारली. टीका टोकाची असली तरी तिच्यामागचा प्रश्न रास्त आहे. हजारो माणसे एकाच ठेक्यावर हात उंचावतात तेव्हा ती गाण्यात सामील झालेली असतात की हुकूम पाळत असतात? बँडलाही या शंकेची जाणीव असावी असे मुखपृष्ठावरून वाटते. चित्रकार फ्रँक केली फ्रीस यांनी १९५३ मध्ये एका विज्ञानकथा मासिकासाठी काढलेले चित्र त्यांच्याकडूनच नव्याने करून घेतले गेले. त्यात एक अवाढव्य यंत्रमानव भाबड्या चेहऱ्याने बँडच्या सदस्यांचे निष्प्राण देह हातात धरून उभा आहे. आतल्या पानावर तोच छप्पर फोडून क्रीडागृहातल्या पळणाऱ्या प्रेक्षकांकडे हात नेतो.

उरलेल्या नऊ गाण्यांत काय आहे?

पहिल्या दोन गाण्यांनंतर गर्दी हळूहळू मागे पडते. बासवादक जॉन डीकन यांचे ‘स्प्रेड युअर विंग्ज’ बारमध्ये झाडू मारणाऱ्या एका तरुणाविषयी आहे. ‘स्लीपिंग ऑन द साइडवॉक’ हे सैल, गप्पांसारखे ब्लूज. शेवटचे ‘माय मेलँकली ब्लूज’ तर रात्री उशिरा रिकाम्या होत चाललेल्या मैफलीसारखे; त्यात गिटार नाही, मागचे कोरसही नाहीत. मर्क्युरीचा आवाज, पियानो, बास आणि हलके ड्रम. झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बल्सारा म्हणजेच मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढला आणि तिथल्या ‘हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानोच वाजवत असे. १९८५ च्या लाइव्ह एडमध्ये वेम्बली स्टेडियम हलवणारा गायक आठवायचा आणि मग हे गाणे ऐकायचे. हजारोंना गायला लावून सुरू झालेला अल्बम एका माणसाच्या एकटेपणावर संपतो. मार्श यांच्या शंकेला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

फोनवर कसा ऐकावा?

पूर्ण अल्बम सुमारे ३९ मिनिटांचा आहे. म्युझिक ॲपमध्ये क्वीनच्या याद्या पहिल्या दोन गाण्यांवर थांबतात. म्हणून अल्बमच शोधावा आणि शफल बंद करून क्रमाने ऐकावा. फोनच्या छोट्या स्पीकरवर पायांचा खालचा दणका हरवतो, त्यामुळे हेडफोन हवा. मर्क्युरीच्या आवाजातील ‘ऑल डेड, ऑल डेड’ बँडच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर आहे. पेटी संग्राहकांसाठी आहे, सर्वांनी ती घ्यावी असे नाही. पण ठेका पाठ असलेल्या प्रत्येकाने ‘माय मेलँकली ब्लूज’पर्यंतचा प्रवास एकदा तरी करावा.