साठातली तीन

थेरपिस्टबाईंनी मोबाइलवरचा व्हिडिओ लावला आणि आधी आवाज बंद केला. आत बाळाची आई सोलापुरी मराठीत लाडेलाडे बोलत होती, ती एकदम मुकी झाली. मला ते खटकलं. बाई म्हणाल्या, "आवाज असला की डोळ्यांआधी कानच निकाल देतो."

चेन्नईजवळच्या आवडी इथल्या रणगाडा कारखान्यात कामाला असलेल्या ओळखीच्या कुटुंबासोबत मी दुभाषी म्हणून गेले होते. खरं कुतूहल वेगळंच होतं : तीन महिन्यांच्या पोराचा मेंदू पुढे कसा चालेल, हे नुसतं बघून कळतं म्हणे!

हे बाळ जन्मल्यावर रडलं नव्हतं. मेंदूला प्राणवायू कमी पडला. कागदावर 'सार्नाट दोन' असा शेरा. सार्नाट पती-पत्नींनी १९७६ साली या आजाराच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिलीवरची मुलं बहुतेक सुधारतात, तिसरीवरची बहुतेक दगावतात किंवा कायमची अधू होतात. खरी गोची दुसरीवर. तिथे तिसऱ्या दिवशी ठामपणे बोलणाऱ्या माणसाबद्दल मला तरी संशय येतो.

बाप पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "परदेशात बाळं गार करतात. आपलं का नाही केलं?" प्रश्न रास्त होता. जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरुवात करून ७२ तास शरीराचं तापमान ३३-३४ अंशांवर ठेवायचं, हा श्रीमंत देशांतला रुळलेला उपचार. भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तो तपासला गेला. त्यात मुंबईचं सायन रुग्णालयही होतं. २०२१ मध्ये निकाल आला : गार केलेल्यांत ४२ टक्के दगावली, न केलेल्यांत ३१ टक्के. बाईंनी हे सांगितलं आणि मी मराठीत करून दिलं. त्याला दिलासा मिळाला की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. दोष नेमका कुठे ठेवायचा, ती जागाच गेली.

मग पुन्हा व्हिडिओ. बाळ उताणं, जागं, अंगावर फक्त लंगोट. खेळणं नाही, चोखणी नाही, समोर कुणी नाही. साधारण नवव्या ते विसाव्या आठवड्यात निरोगी बाळाच्या मानेत, धडात, मनगटांत, घोट्यांत एक बारीक चुळबुळ सतत चाललेली असते. उतू जायच्या आधी दुधाच्या सायीखाली होते तशी. बघायची ती हीच. एकाच हातावर नजर रोखायची नाही, अख्खं बाळ एकदम बघायचं. हाइन्झ प्रेश्टल यांनी घालून दिलेली ही पद्धत. बघणाऱ्याचे डोळे थकले की मध्येच एखाद्या निरोगी बाळाचं चित्रीकरण लावून नजर पुन्हा जुळवून घ्यायची.

प्रेश्टल यांच्या चमूने १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये १३० बाळांचा हिशेब मांडला. ज्यांच्यात ही चुळबुळ नीट होती अशी ७०, त्यातली ६७ पुढे ठीक निघाली. ज्यांच्यात ती नव्हती किंवा बिघडलेली होती अशी ६०, त्यातल्या ५७ जणांत दोष निघाला. एमआरआयचा खर्च न झेपणाऱ्या घरासाठी मोबाइलवरची चार-पाच मिनिटं एवढं सांगतात, हे मला अजून अद्भुत वाटतं. बाई मात्र त्या ५७ चा आकडा आईबापांना आधी सांगत नाहीत. "साठातली तीन," त्या म्हणाल्या. "साठातली तीन निसटली. मी तिथून सुरुवात करते." शास्त्राच्या दृष्टीने ही लबाडी की माणुसकी? मी माणुसकीच म्हणेन, कारण याच बाई त्या तिघांच्या भरवशावर कुणाला व्यायाम टाळू देत नाहीत. निदान पक्कं होईपर्यंत थांबलं तर मेंदू सर्वांत लवचीक असतो ते महिने हातचे जातात, आणि या तपासणीचा उपयोग मुळात तेवढ्यासाठीच.

या बाळाची चुळबुळ तुरळक होती. मानेत दिसली, डाव्या घोट्यात दिसली, मध्येच विरली. बाईंनी तो तुकडा पुन्हा पाहिला. मग आईला जवळ बसवून पालथं निजवणं, मूठ उघडणं, दोन्ही हात छातीशी आणणं दाखवलं. "अम्मा, आजपासून."

बाप थांबून राहिला होता. "साठातलं की सत्तरातलं, एवढंच सांगा."

"दोन आठवड्यांनी दुसरा व्हिडिओ आणा," बाई म्हणाल्या, "आणि उचकी लागलेली असताना काढू नका."