तरुण कानांचा आठवड्याचा हिशेब

दहावी-अकरावीतलं मूल दिवसाचे किती तास कानात इअरबड घालून असतं, हे बहुतेकदा त्यालाही सांगता येत नाही. क्लासला जाताना गाणी, घरी आल्यावर ऑनलाइन लेक्चर, मग गेम, रात्री अंथरुणात रील्स. मोठी माणसं अधूनमधून "आवाज कमी कर" म्हणतात. ते योग्यच आहे, पण अपुरं आहे. आवाज किती मोठा होता याइतकंच तो किती वेळ ऐकला यावरही कानाची इजा ठरते आणि या वेळेबद्दल घरात सहसा कोणी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १२ ते ३५ या वयोगटातल्या १०० कोटींहून अधिक जणांना असुरक्षित ऐकण्यामुळे बहिरेपणाचा धोका आहे.

कानात काय बिघडतं

कानाच्या आतल्या भागात कॉक्लिआ नावाची वेटोळी नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्यांच्यावरचे सूक्ष्म तंतू हलतात आणि त्या हालचालीचा विद्युतसंदेश मेंदूकडे जातो. उभ्या ज्वारीवरून वारा गेला की ताटं वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. गारपीट झाली की आडवी पडतात. या तंतूंचंही तसंच होतं. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या येतात. माणसात येत नाहीत. म्हणून पंधराव्या वर्षी गेलेली पेशी पन्नासाव्या वर्षीही गेलेलीच असते आणि वयोमानाने होणारी घट तिच्यावर आणखी चढते.

मोठ्या आवाजाची पहिली झळ साधारणपणे ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या ऐकण्याला बसते. बोलण्यातले स्वर याच्या बरेच खाली असतात, त्यामुळे मुलाला आवाज ऐकू येत राहतो. निसटू लागतात ती व्यंजनं. पाठ, काठ, साठ या शब्दांत फक्त पहिलं व्यंजन वेगळं आहे. गोंगाटाच्या वर्गात नेमकं तेच कळेनासं होतं. "ऐकू येतंय, पण काय म्हणताय ते कळत नाही" असं मूल म्हणालं तर ते लक्ष देत नाही असा निष्कर्ष घाईने काढू नये.

कॉन्सर्टनंतर कानात दडे बसतात, शिट्टी वाजत राहते आणि एक-दोन दिवसांत सगळं पूर्ववत होतं. बरेच जण यावर निर्धास्त होतात. पण शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ साली उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं, की ऐकण्याची पातळी परत जागेवर आल्यावरही केसपेशी आणि श्रवणतंतू यांच्यातले सांधे कायमचे नष्ट झालेले असू शकतात. नेहमीच्या तपासणीत ही हानी दिसेलच असं नाही.

तीन डेसिबलला अर्धा वेळ

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ मध्ये मोबाइलसारख्या उपकरणांसाठी सुरक्षित ऐकण्याचं मानक ठरवलं. प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास. यापुढे दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. प्रौढांच्या मापाने ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. नव्वदच्या जवळ चार तास आणि शंभरला पोचलात तर आठवडाभराचा वाटा जेमतेम वीस मिनिटांत संपतो. अनेक फोन पूर्ण आवाजावर शंभराच्या पुढे जातात. साधं बोलणं साठच्या आसपास असतं, हे तुलनेसाठी लक्षात ठेवावं.

या गणितामुळे मला "८५ डेसिबलची मर्यादा" असं छापलेले मुलांचे हेडफोन खटकतात. ८५ हा आकडा ओळखीचा झाला तो कामगारांच्या संदर्भात, दिवसाच्या आठ तासांच्या पाळीसाठी. मुलांच्या मानकाला तो लावला तर आठवड्याला साधारण चारच तास मिळतात. चार तास तर एका रविवारी संपतात.

हिशेब फक्त हेडफोनचा नसतो. मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीजवळ घालवलेली संध्याकाळ, ढोल-ताशा पथकाचा कित्येक आठवड्यांचा सराव, हेही त्याच कानांवर पडतं. पथकातल्या मुलांनी फोमचे इअरप्लग वापरावेत. ताल त्यातूनही ऐकू येतो.

लोकल, बस आणि रस्ता

आवाज सर्वांत जास्त वाढवला जातो तो प्रवासात. गाडीचा खडखडाट गाण्याला झाकतो आणि बोट आपोआप बटणाकडे जातं; उतरल्यावर वाढवलेला आवाज तसाच राहतो. यावर एक सोपी सवय आहे. घरातल्या शांत खोलीत पुरेसा वाटेल तेवढा आवाज ठरवायचा आणि बाहेर तो वाढवायचा नाही. नाही ऐकू आलं तर गाणं थांबवायचं.

कानात नीट बसणारे सिलिकॉनचे टिप्स किंवा बाहेरचा गोंगाट दाबणारे हेडफोन इथे खरंच उपयोगी पडतात, कारण कमी आवाजातही गाणं स्पष्ट ऐकू येतं. ज्यांना परवडतं त्यांनी पैसे इथे खर्च करावेत असं माझं मत आहे. मात्र रस्ता ओलांडताना आणि रुळांजवळ ते कानातून काढलेच पाहिजेत. हाडांवाटे आवाज पोचवणारे हेडफोन कानात शिरत नाहीत म्हणून निर्धोक, हा समज चुकीचा आहे. आवाज शेवटी त्याच केसपेशींपर्यंत जातो.

घरी तपासायचं कसं

हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोला. हेडफोन लावलेल्या मुलाला ते ऐकूच येत नसेल तर आवाज बहुधा जास्त आहे. (गोंगाट दाबणाऱ्या किंवा कानात घट्ट बसणाऱ्या हेडफोनला ही खूण लागू पडत नाही.) गाणं बाहेर ऐकू येतं का, यावरून मात्र काही ठरवू नका, घट्ट बसणाऱ्या इअरबडमधून जवळपास काहीच बाहेर येत नाही.

आयफोनमध्ये हेडफोनच्या आवाजाची डेसिबल मर्यादा घालता येते, अनेक अँड्रॉइड फोनमध्येही कमाल आवाज ठरवता येतो. ते जमत नसेल तर कमाल आवाजाच्या ६० टक्क्यांच्या वर जायचं नाही, ही ढोबळ मर्यादा पाळावी.

मुलाशी बोलताना

हेडफोन काढून घेतले तर मूल ते लपून वापरतं. त्यापेक्षा वरचं तीन डेसिबलचं गणित त्याच्यासमोर मांडावं. या वयाच्या मुलांना आकडे पटतात. मग वेळ कुठे वाचवता येईल ते दोघांनी मिळून बघावं. लेक्चर स्पीकरवर ऐकता येतं. झोपताना गाणी हवीच असतील तर स्लीप टायमर लावता येतो, नाहीतर झोप लागल्यावरही कान रात्रभर काम करत राहतात. असे तास कमी झाले की आवडीचं गाणं मनापासून ऐकायला आठवड्यात जागा उरते. आईबाबांनीही स्वतःच्या ऐकण्याचा आठवड्याचा हिशेब मुलाला दाखवावा.

डॉक्टरांकडे कधी

कानात सतत शिट्टी किंवा गुणगुण, टीव्हीचा आवाज वाढवत नेणं, गर्दीत बोलणं न कळणं, यांपैकी काही आढळलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्यावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. घरच्या घरी प्राथमिक अंदाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं 'हिअरहू' हे मोफत अॅप वापरता येतं. त्यात गोंगाटातून आकडे ओळखायचे असतात. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र मळ असेल म्हणून थांबू नये. त्यावरच्या औषधांचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक होतो, म्हणून त्याच दिवशी तज्ज्ञाला गाठावं.