पवई तलावाकाठी राहताना

पवईत घर दाखवताना एजंट आधी गॅलरीत नेतो, स्वयंपाकघर मागाहून. समोर पाणी, पलीकडे झाडीचे डोंगर. भाव तिथेच ठरतो. राहायला आल्यावर मात्र वास, डास, जलपर्णी आणि अधूनमधून मगरीचा व्हिडिओ यांच्याशीच जास्त गाठ पडते. नव्याने आलेल्यांना आम्ही जुनी मंडळी लिफ्टमध्ये तोंडी जे सांगत असतो, ते इथे एकत्र केलं आहे.

‘तलाव भरला’ म्हणजे काय

दर पावसाळ्यात एके सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ‘पवई ओसंडला’ असा निरोप येतो आणि त्यातून लगेच दोन समजुती निघतात. पहिली, आता पाणीकपात टळली. तसं नाही. साधारण साडेबारा लाख रुपये खर्चून १८९० मध्ये बांधलेल्या या तलावात पूर्ण भरल्यावर ५४५ कोटी लिटर पाणी मावतं, पण ते पिण्यालायक नाही. उद्योगांना आणि आरे दुग्ध वसाहतीला वापरायला जातं. मुंबईला पाजणारे जलाशय सात: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. आपलं तळं त्यात नाही.

दुसरी समजूत, आता पाणी आपल्या आवारात शिरणार. तलाव ओसंडला की जादा पाणी मिठी नदीत उतरतं. त्याचा घोर मिठीकाठच्या खालच्या वस्त्यांना. आपल्या गेटपाशी गुडघाभर पाणी साचतं, ते बहुधा तुंबलेल्या गटाराचं. जूनच्या आधी आवारातल्या नाल्यांवरच्या जाळ्या उचलून गाळ काढून घ्यावा.

गॅलरीतलं वॉशिंग मशीन

सगळ्यात महत्त्वाचं हेच. प्रत्येक इमारतीत पाण्याच्या दोन वाटा असतात. संडास, मोरी, सिंक यांचं पाणी मलवाहिनीत जातं. गच्ची आणि गॅलरीवर पडलेलं पावसाचं पाणी वेगळ्या पाइपातून पावसाळी गटारात जातं, आणि तलावाकडे उतार असलेल्या भागात हे गटार सरळ तलावात सुटतं, मध्ये कुठेही शुद्धीकरण नाही. आता घरात जागा नाही म्हणून वॉशिंग मशीन गॅलरीत येतं. त्याची नळी जवळच्या भोकात सोडली जाते. ते भोक पावसाच्या पाइपाचं असतं. पुढे गॅलरी बंद करून तिचंच स्वयंपाकघर झालं, तर खरकटं पाणीही त्याच वाटेने जातं.

हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. पाऊस थांबून महिने झालेले असताना, एप्रिल-मे महिन्यात, पावसाळी चेंबरचं झाकण उघडायचं. ते कोरडं हवं. आमच्या विंगचं उघडलं तेव्हा आत घोटाभर पांढरट पाणी होतं, वर फेस, आणि नाकाला येणारा वास चक्क स्वच्छ कपड्यांचा. प्लंबर हसला, म्हणाला, “काका, सकाळी नऊ ते अकरा या, इथे नदी वाहते.” कोणत्या मजल्यावरून येतं ते शोधायला खाण्याचा रंग पुरतो. एकेका घराच्या आउटलेटमध्ये रंगीत पाण्याची बादली ओतायची आणि एकाने खाली चेंबरपाशी उभं राहायचं. ज्या घराचा रंग दिसेल, त्याची नळी मोरीच्या ट्रॅपला जोडून घ्यायची. खर्च प्लंबरच्या मजुरीचा आणि थोड्या पाइपाचा. भांडण मात्र अर्ध्या तासाचं, कारण पहिला रंग बहुधा कमिटीतल्याच कोणाच्या तरी घराचा निघतो.

जलपर्णी

जांभळी फुलं दिसायला छान. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती नायट्रेट-फॉस्फेटवर पोसते, म्हणजे आपल्या सांडपाण्यावर. अनुकूल हवेत दोन-तीन आठवड्यांत ती दुप्पट होते आणि तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. म्हणून यंत्र लावून काढली तरी मूळ खुराक चालू असेपर्यंत ती परत येणारच. पालिकेचं यंत्र पाण्यात दिसलं की ग्रुपवर टाळ्या पडतात. त्यातली एखादी त्या चेंबरच्या झाकणासाठी राखून ठेवावी, असं मला वाटतं. काढलेली जलपर्णी काठावरच ढीग करून सडत ठेवलेली दिसली, तर मात्र लगेच तक्रार करावी; पावसात ते सगळं सार परत पाण्यात जातं.

डास तलावाचे की आपले?

संध्याकाळी गॅलरीत चावतात ते बरेचसे तलावाकडचे आणि गटारातले असू शकतात. जलपर्णीच्या मुळांना चिकटून वाढणारी डासांची एक जातही आहे. पण घरात डेंगी झाला की तलावाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. डेंगीचा डास दिवसा चावतो आणि अंडी घालतो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात: कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, फ्रिजमागचा ट्रे. शहरात मलेरिया पसरवणारा डासही गच्चीवरच्या टाकीत खुशाल वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळं ओतून, घासून कोरडं करायचं, आणि टाकीला घट्ट झाकण. शोभेच्या हौदात गप्पी मासे चालतात. ते किंवा घरच्या काचपेटीतले मासे-कासवं तलावात नेऊन सोडू नयेत.

मगरी

आहेत. इथली मगर गोड्या पाण्यातली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सर्वोच्च संरक्षण असलेली. थंडीत सकाळी ती उन्हाला येऊन पडते, तेव्हा लांबून छान दिसते. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पिल्लं पावसाच्या आगेमागे बाहेर येतात. या दिवसांत ती जागेवरून हलत नाही. पाण्यात पाय सोडून बसणं, काठाशी भांडी किंवा कुत्रा धुणं, गळ टाकून पाण्यात उतरणं, हे बंदच. कोंबडीचे तुकडे टाकून रील करणाऱ्यांना तिथल्या तिथे हटकावं: माणूस दिसला की खाणं, हे मगरीला एकदा कळलं की पुढचा धोका तुमच्या-आमच्या पोरांना. पावसात एखादी रस्त्यावर किंवा नाल्यात आलीच, तर गर्दी हटवायची, तिला वाट मोकळी ठेवायची आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा.

२०२२ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने काठावरचा सायकल ट्रॅक बेकायदा ठरवला. फिरायला छान सोय गेली, असं अजूनही ऐकू येतं. मला तो निकाल पटला होता. काठ हाच त्या प्राण्यांचा ओटा आहे.

पाव, निर्माल्य, बाप्पा

पुण्य म्हणून माशांना टाकलेला पाव आणि कणकेच्या गोळ्या बऱ्याचशा तळाशीच कुजतात. कुजताना प्राणवायू खातात. मे अखेरीस पाणी उथळ, तापलेलं आणि आभाळ भरलेलं असताना पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले, तर ते भुकेले नसतात, गुदमरत असतात. मेलेले मासे कोणी विकत असेल तर घेऊ नयेत.

निर्माल्य कलशातच टाकावं, तेही प्लॅस्टिकची पिशवी काढून. घरचा बाप्पा शाडूचा असेल तर बादलीत विसर्जन करावं आणि माती कुंडीत घालावी. पीओपीच्या सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींसाठी कृत्रिम तलाव, असा आदेश उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला होता.

तक्रार करताना

पालिकेचा क्रमांक १९१६. आयआयटी-हिरानंदानीकडचा भाग भांडुपच्या एस विभागात येतो, चांदिवलीकडचा एल विभागात. चुकीच्या विभागाकडे गेलेली तक्रार नुसती फिरत राहते. ‘तलावात घाण आहे’ एवढ्याने भागत नाही. कोणत्या पाइपातून, किती वाजता, पाण्याचा रंग काय, जवळची खूण कोणती, हे सांगावं आणि कोरड्या दिवसाचा फोटो जोडावा, म्हणजे ‘पावसाचं पाणी असेल’ हे उत्तर मिळत नाही. तक्रार क्रमांक नोटीस बोर्डावर खडूने नको, सोसायटीच्या वहीत लिहावा. कमिटी बदलते, पाइप तोच राहतो.