उत्खनकाच्या इंजिनमधील दोषसंकेत

उत्खनकाच्या इंजिनमधील दोषसंकेत, अर्थात फॉल्ट कोड, हे डिझेल इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने नोंदवलेले संख्यारूप संदेश होत. एखाद्या सेन्सरचे मूल्य ठरावीक मर्यादेबाहेर गेले किंवा त्याच्या विद्युतमंडलात खंड पडला, की नियंत्रक तशी नोंद स्मृतीत ठेवतो आणि चालकासमोरील फलकावर इशारा देतो. महाराष्ट्रात उत्खनकाला बोलीभाषेत 'पोकलेन' म्हणतात. हे नाव पोक्लेन या फ्रेंच कंपनीवरून रूढ झाले.

दोषसंकेत बिघडलेल्या सुट्या भागाचे नाव सांगत नाही. कोणत्या मोजमापात कशा प्रकारची विसंगती आढळली, एवढेच तो सांगतो. हा फरक लक्षात न घेतल्यास चांगले व महागडे भाग विनाकारण बदलले जातात. वापरलेल्या यंत्रात मूळ बिघाडासोबत पूर्वीच्या तात्पुरत्या दुरुस्त्याही दडलेल्या असल्याने निदान अधिक काळजीपूर्वक करावे लागते.

संकेतांची रचना

अवजड यंत्रांत इंजिन, हायड्रॉलिक प्रणाली आणि फलक यांचे नियंत्रक 'कॅन' या संदेशवहन पद्धतीने जोडलेले असतात. ही पद्धत बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये सादर केली. तिच्यावर आधारलेल्या 'एसएई जे१९३९' या मानकानुसार दोषसंकेताचे दोन मुख्य घटक असतात. 'एसपीएन' हा क्रमांक कोणते मोजमाप संशयास्पद आहे ते दर्शवतो. उदाहरणार्थ, १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, ११० म्हणजे शीतक द्रवाचे तापमान आणि १५७ म्हणजे इंधन रेलमधील दाब. 'एफएमआय' हा ० ते ३१ मधील क्रमांक दोषाचा प्रकार दर्शवतो. त्यांपैकी नेहमी आढळणारे प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

० – मूल्य विश्वसनीय, पण धोकादायकरीत्या जास्त
१ – मूल्य विश्वसनीय, पण धोकादायकरीत्या कमी
२ – मूल्य अस्थिर किंवा विसंगत
३ – व्होल्टेज प्रमाणापेक्षा जास्त
४ – व्होल्टेज प्रमाणापेक्षा कमी
५ – विद्युतप्रवाह कमी किंवा मंडल खंडित

याशिवाय तो दोष किती वेळा उद्भवला याची संख्या आणि तो सध्या सक्रिय आहे की पूर्वी येऊन गेला, हेही कळते. काही उत्पादकांची स्वतंत्र पद्धतही असते. कोमात्सूच्या अनेक यंत्रांत इंजिनाचे संकेत 'सीए' या अक्षरांनी सुरू होतात, तर कॅटरपिलरच्या जुन्या यंत्रांत एसपीएनऐवजी 'सीआयडी' हा क्रमांक वापरला जाई. म्हणून त्या प्रतिमानाची दुरुस्ती-पुस्तिका जवळ असणे आवश्यक ठरते.

निदानाची पद्धत

निदानापूर्वी सर्व संकेत, त्यांची वारंवारता आणि यंत्राचे चालू तास लिहून ठेवतात. नोंद न करता संकेत पुसल्यास महत्त्वाचा पुरावा नष्ट होतो. त्यानंतर बॅटरी, अर्थिंगची जोडणी, इंधन व हवेचे फिल्टर यांची तपासणी होते. बहुतेक मध्यम व मोठ्या उत्खनकांत २४ व्होल्टची प्रणाली असते. क्षीण बॅटरी किंवा गंजलेली अर्थिंग एकाच वेळी अनेक असंबद्ध संकेत निर्माण करू शकते. अनेक सेन्सरना एकाच ५ व्होल्टच्या वाहिनीतून वीज मिळत असल्यास त्यांतील एक सेन्सर शॉर्ट झाल्यावर इतरांचेही संकेत उमटतात.

एकाच एसपीएनवर वेगवेगळी दुरुस्ती कशी लागू पडते, हे ११० या क्रमांकावरून स्पष्ट होते. त्यासोबत एफएमआय ० असल्यास इंजिन खरोखरच तापलेले असू शकते. रेडिएटर, पंख्याचा पट्टा, थर्मोस्टॅट आणि शीतकाची पातळी तपासावी लागते. एफएमआय ३ किंवा ४ असल्यास शोध विद्युतमंडलात घ्यावा लागतो. या सेन्सरचा रोध तापमान वाढल्यावर घटतो. त्यामुळे कनेक्टर काढताच व्होल्टेज वाढते. कनेक्टर काढल्यावर ४ चा संकेत ३ झाला, तर वायरिंग व नियंत्रक ठीक असून सेन्सर आतून शॉर्ट असल्याचे समजते. ४ कायम राहिल्यास वायर कोठेतरी घासून बॉडीला टेकली असण्याची शक्यता अधिक असते.

ऑइलच्या दाबाचा १०० – १ हा संकेत आल्यास इंजिन तत्काळ बंद करतात. ऑइलची पातळी पाहून यांत्रिक गेजने दाब स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय सेन्सरला दोष देत नाहीत, कारण इशारा खरा असल्यास बेअरिंग व क्रँकशाफ्ट निकामी होऊ शकतात.

रेलमधील दाब कमी असल्यास तपास स्वस्त कारणांकडून महाग कारणांकडे जातो : तुंबलेला फिल्टर, शोषण नळीतून शिरणारी हवा, क्षीण पुरवठा पंप, इंजेक्टरमधून होणारी अतिरिक्त परतगळती आणि शेवटी उच्चदाब पंप. प्रत्येक इंजेक्टरची परतगळती स्वतंत्रपणे मोजल्यास दोषी इंजेक्टर ओळखता येतो.

कॅन वाहिनीच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचे रोधक असतात. वीज बंद करून दोन तारांमधील रोध मोजल्यास तो सुमारे ६० ओहम यावा. तो १२० ओहम आल्यास एक रोधक निकामी आहे किंवा वाहिनी मध्येच तुटली आहे, असे अनुमान निघते.

वापरलेल्या यंत्राची तपासणी

विक्रीपूर्वी संकेत पुसलेले असू शकतात. त्यामुळे स्मृती रिकामी असणे हा इंजिन निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. थंड इंजिन सुरू करून पाहणे, ते पूर्ण तापेपर्यंत भाराखाली चालवणे आणि नंतर संकेत पुन्हा वाचणे ही अधिक विश्वसनीय रीत होय. चावी फिरवल्यावर इशारादिवे क्षणभर लागत नसल्यास ते मुद्दाम काढून टाकल्याची शंका घेता येते. सेन्सरच्या जागी जोडलेला साधा रोधक, कापून जोडलेल्या वायरी आणि चिकटपट्टीने गुंडाळलेले सांधे हेही तपासावेत. अनेक इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवरील अंशांकन क्रमांक नियंत्रकात भरावा लागतो. इंजेक्टर किंवा नियंत्रक बदलताना ते राहून गेल्यास इंजिन असमान चालते.

सुरक्षा आणि दुरुस्तीची पडताळणी

कॉमन रेल प्रणालीत इंधनाचा दाब १,६०० बारहून अधिक असू शकतो. सूक्ष्म गळतीतून निघणारी धार त्वचेत शिरून गंभीर इजा करते. म्हणून गळती हाताने चाचपत नाहीत; पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधतात. अशी इजा झाल्यास जखम लहान दिसली तरी त्वरित रुग्णालयात जावे लागते. तपासणीपूर्वी बकेट जमिनीवर टेकवतात. यंत्रावर वेल्डिंग करण्याआधी पुस्तिकेनुसार बॅटरी व नियंत्रकाच्या जोडण्या सोडवतात.

दुरुस्तीनंतर संकेत पुसून, ज्या स्थितीत दोष उद्भवला होता त्याच स्थितीत यंत्र चालवले जाते. तेव्हाही संकेत परत न आल्यासच दुरुस्ती पूर्ण झाली असे मानतात.