आकार बदलावा, प्रमाण राखावे

आपला राष्ट्रीय ध्वज कोठे भव्य इमारतीवर फडकतो, तर कोठे लहानशा मेजावर शोभतो. भारताच्या २००२ च्या ध्वजसंहितेत त्याची नऊ आकारमाने दिली आहेत. त्यांतील सर्वांत मोठा ध्वज ६३०० मिलिमीटर लांब व ४२०० मिलिमीटर रुंद असतो. सर्वांत लहान १५० मिलिमीटर लांब व १०० मिलिमीटर रुंद. पहिल्याची प्रत्येक बाजू दुसऱ्याच्या ४२ पट आहे. तथापि दोहोंतही लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ हेच आहे. संगणकावर चित्र लहानमोठे करणाऱ्यालाही नेमके हेच साधावयाचे असते.

संगणकावरील चित्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारचे चित्र असंख्य रंगीत ठिपक्यांचे बनते. छायाचित्र हे त्याचे उदाहरण होय. ते फार मोठे केले की ठिपक्यांचे चौकोन दिसू लागतात आणि कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात. दुसऱ्या प्रकाराला सदिश चित्र म्हणतात. त्यात आकृतीचे वर्णन साठविलेले असते: वर्तुळाचा मध्य कोठे, त्रिज्या किती, रेघ कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत. चित्र ४२ पट करावयाचे झाल्यास संगणक ही मापे ४२ ने गुणतो व आकृती नव्याने रेखितो. म्हणूनच तिची कड रेखीव राहते. अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी १९६३ साली ‘स्केचपॅड’ नावाची आज्ञावली तयार करून पडद्यावर आकृत्या काढून दाखविल्या. या विद्येचा पाया तेथे घातला गेला.

आज ‘इंकस्केप’ ही अशीच एक विनामूल्य आज्ञावली आहे. तीत ध्वजाचे चित्र काढून ते निवडले, की त्याच्याभोवती आठ लहान बाण दिसतात. बाजूचा बाण ओढल्यास केवळ लांबी किंवा केवळ रुंदी बदलते. कोपऱ्याचा बाण ओढल्यास दोन्ही बदलतात. परंतु त्या सारख्याच पटीने बदलतील असे नाही. त्याकरिता ‘कंट्रोल’ ही कळ दाबून धरावी लागते. ‘शिफ्ट’ कळ दाबल्यास चित्र मध्याभोवती सर्व बाजूंनी वाढते.

ही काळजी न घेतल्यास काय होते? समजा, घाईघाईने केवळ लांबीच दुप्पट केली. मग ३:२ हे प्रमाण ६:२ होते. अशोकचक्राचे वर्तुळ लंबवर्तुळ बनते. चक्राचे २४ आरे एकमेकांशी १५ अंशांचा कोन करतात. तेही आता असमान होतात. ज्या चिन्हासमोर सारा देश आदराने उभा राहतो, त्याचे चित्र असे विद्रूप व्हावे, हे कोणाला रुचेल?

रेघांची जाडी हीही विसरण्याजोगी गोष्ट नव्हे. आकृतीबरोबर जाडी बदलावी की तशीच राहावी, हे इंकस्केपमध्ये आपणच ठरवावयाचे असते. चित्र पुष्कळ लहान केले आणि जाडी तशीच राहिली, तर सारे आरे एकमेकांत मिसळून निळा डाग उरतो. याउलट चित्र मोठे करताना जाडी न वाढविल्यास ते आरे धाग्यासारखे बारीक दिसतात.

आणखी एक गणित ध्यानी ठेवावे. दोन्ही बाजू दुप्पट केल्या, तर क्षेत्रफळ दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणजे छापण्यास कागद व रंगही चौपट लागतात.

यंत्र गुणाकार अचूक करते. परंतु काय जपावयाचे, हे ते स्वतः ठरवीत नाही. तो विवेक चित्र काढणाऱ्याचा असतो. ओढण्यापूर्वी क्षणभर थांबून प्रमाण पाहणारा विद्यार्थीच चित्राला, आणि चित्र ज्याचे आहे त्यालाही, न्याय देतो.