निवृत्तीनंतरचा समुद्र

सेवानिवृत्ती जवळ आली, की लोक शिक्षकाला दोनच प्रश्न विचारतात : पेन्शन किती बसेल, आणि मुलाचे काय ठरले? निपाणीच्या बाजारात आम्हांलाही ते आता विचारले जातात. अशा वेळी आम्हांस डॉ. एस. आर. राव आठवतात.

शिकारीपूर रंगनाथ राव हे कन्नड गृहस्थ. जन्म १९२२ चा. नोकरीचा आरंभ बडोद्यास, पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते. १९५४ साली त्यांनी गुजरातेतील लोथल शोधून काढले. तेवढ्यावरही त्यांचे नाव राहिले असते. परंतु १९७९-८० मध्ये द्वारकाधीश मंदिरापुढे उत्खनन करताना समुद्राने उद्ध्वस्त केलेल्या वस्तीच्या खुणा लागल्या, आणि उरलेले नगर पाण्यात शोधावे असे त्यांच्या मनाने घेतले. खात्यातून निवृत्त होऊन १९८१ मध्ये त्यांनी गोव्यात, दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, सागरी पुरातत्त्वाचे काम उभे केले. वय साठीला टेकलेले! आमच्या शाळेची सहल बेळगावहून चोर्ला घाट उतरून त्याच बाजूला जाते, आणि मुले धक्क्यावर फोटो काढून परततात. चूक आमचीच.

या विद्येत जमिनीवरचे कसब अर्धेच उपयोगी. पाणी गढूळ, लाटांचा मारा, पाठीवर हवेची टाकी; तळाची वाळू उपसावी तो पुन्हा भरते. अशा स्थितीत द्वारकेच्या समुद्रात घडीव दगड आणि तीन भोकांचे दगडी नांगर सापडले. वरच्या भोकात दोर, खालच्या दोहोंत लाकडी खुंट. राव यांना त्यांत महाभारतातील द्वारका दिसली.

"म्हणजे ती कृष्णाचीच ना, गुरुजी?" सातवीतील एका मुलीने विचारले आणि आमची पंचाईत झाली. कारण त्याच संस्थेतील पुढच्या संशोधकांनी हे नांगर इतर बंदरांतील नांगरांशी ताडून पाहिले, व ते बरेच अलीकडचे, ऐतिहासिक ते मध्ययुगीन काळातले असावेत, असे मांडले. दगडाचे वय दगड सांगत नाही. सोबत काय सापडले ते पाहावे लागते, आणि समुद्र तर सारेच कालवून ठेवतो. 'हो' म्हणालो असतो तर वर्ग खूश झाला असता. आम्ही फळ्यावर दोन्ही मते लिहिली. मुलगी हिरमुसली.

राव २०१३ च्या जानेवारीत निवर्तले. २०२५ च्या फेब्रुवारीत पुरातत्त्व खात्याचे पथक पुन्हा द्वारकेच्या पाण्यात उतरले. पाचांत तिघी स्त्रिया होत्या. हे आम्ही त्याच मुलीला मुद्दाम सांगितले. क्षणभर थांबून तिने विचारले, "गुरुजी, त्यांना पोहायला कोणी शिकवले?"