लहान कॉलेजातून मोठ्या विद्यापीठाकडे



आजचा विषय दूरदेशीचा असला, तरी नोकरी सांभाळून शिकणाऱ्या प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा आहे. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची संस्था आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी १९०१ साली असे पहिले सार्वजनिक कॉलेज निघाले. तेथे फी कमी असते आणि प्रवेशाला गुणांची अट नसते. दिवसा हॉटेलात राबणारा तरुण किंवा मुलांना शाळेत धाडून शिकू पाहणारी आई तेथे नाव घालते. दोन वर्षांचा अभ्यास पुरा करावा, मग विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाऊन पदवी घ्यावी, अशी ही योजना. आपल्याकडे पदविकाधारक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट जातो, त्याच जातीची ही वाट आहे.

कॅलिफोर्निया राज्याने १९६० साली या वाटेची रीतसर आखणी केली. शाळेतून वरच्या क्रमांकाने बाहेर पडणाऱ्या साडेबारा टक्के मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या तृतीयांशाला राज्य विद्यापीठ, आणि कम्युनिटी कॉलेज मात्र सर्वांना खुले. शिवाय खालून वर चढायला जिना ठेवला. आज त्या राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत.

या जिन्याने नामांकित विद्यापीठात पोचण्याची शक्यता किती? उत्तर ऐकून नवल वाटेल. बर्कली किंवा लॉस एंजेलिस येथे शाळेतून थेट अर्ज करणाऱ्या दहांत जेमतेम एकाला जागा मिळते. कम्युनिटी कॉलेजातून अर्ज करणाऱ्या चौघांत सुमारे एकाला मिळते. स्टॅनफर्डसारखी खाजगी विद्यापीठे मात्र या वाटेने अगदी मोजकेच विद्यार्थी घेतात.

मग सारे आलबेल आहे काय? नाही. हा हिशेब अर्ज करण्यापर्यंत पोचलेल्यांचा झाला. साऱ्या देशाचा हिशेब पाहा. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या शंभरांतील सुमारे ऐंशीजणांना पदवीची आस असते. सहा वर्षांत वरच्या विद्यापीठात जातात एकतृतीयांशाच्या आसपास, आणि पदवी हाती पडते सुमारे सोळांच्या. म्हणजे माणसे गळतात ती विद्यापीठाच्या दारात नव्हे, वाटेत गळतात.

याची कारणे साधी आहेत. कामाची पाळी बदलली की तास बुडतो. एकेका मार्गदर्शकाच्या माथी शेकडो विद्यार्थी असतात. आणि सर्वांत जाचक गोष्ट म्हणजे श्रेयांकांची घट. पुऱ्या केलेल्या विषयांचे जे माप विद्यार्थ्याच्या खाती जमा होते, ते श्रेयांक. अमेरिकी सरकारच्या हिशेब तपासणी कार्यालयाने २०१७ साली दाखवून दिले, की २००४ ते २००९ या काळात संस्था बदलणाऱ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक नव्या संस्थेत धरलेच गेले नाहीत. एक संस्था सोडून दुसरीत गेल्यावर जुन्या नोकरीची वर्षे बुडावीत, तसाच हा प्रकार.

यावर उपाय लेखी कराराचा. कोणत्या कॉलेजातला कोणता विषय कोणत्या विद्यापीठात धरला जाईल, याचे करार कॅलिफोर्नियात झालेले असून ते कोणालाही पाहता येतात. त्या विद्यापीठाच्या नऊ पदवी केंद्रांपैकी सहा केंद्रे तर ठरलेले विषय, ठरलेले गुण आणि सप्टेंबरातला वेळेवर अर्ज एवढ्यावर प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस व सान दिएगो ही तीन केंद्रे हमी देत नाहीत. २०१० च्या कायद्याने राज्य विद्यापीठातही विशिष्ट पदविकेवर जागेची हमी आली. मात्र ती हव्या त्याच केंद्रात मिळेल असे नाही.

मी पदवी न घेतलेला, युनियनच्या कामात वाढलेला माणूस. करार नुसता होऊन भागत नाही, त्यातले कलम कामगाराला पाठ असावे लागते, हे आम्ही जाणतो. येथेही तसेच आहे. पहिल्याच सत्रात करार वाचून विषय निवडणारा विद्यार्थी पुढे निघतो; दुसऱ्या वर्षी चौकशी करणाऱ्याचे एक वर्ष वाया जाते. गरिबाला वर्ष वाया घालवणे परवडत नाही.

आपल्या देशातही २०२१ पासून श्रेयांकांची पेढी सुरू झाली आहे. पेढीत जमा झाले म्हणजे दुसऱ्या ठिकाणी वटेलच असे नाही. म्हणून आपल्या मुलामुलींचे नाव घालताना कॉलेजच्या कचेरीत एवढेच विचारा: हे श्रेयांक पुढे कोण धरणार, आणि ते कोठे लिहून दिले आहे?